दगडाखालचा किडा, बांबूची काठी आणि आमची घोड नदी

‘निम्फ’ हा शब्द ऐकून आमच्या विंगेत जे जे अर्थ निघाले ते इथं छापता येणार नाहीत, कारण संपादक मंडळात सरही आहेत. तेव्हा आधीच सांगून टाकतो. या लेखातला निम्फ म्हणजे सहा पायांचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, वाहत्या पाण्यातल्या दगडाला खालून चिकटून बसलेला एक मळकट किडा. त्याच्यासारखा दिसणारा खोटा किडा गळावर बांधायचा, तो नदीच्या तळालगत सोडायचा आणि मासा फसवायचा, या विद्येला इंग्रजीत ‘निम्फिंग’ म्हणतात. मूळ विद्या ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशासाठी. ती आमच्या घोडेगावला, घोड नदीत चालते का, हे मी गेली दोन वर्षं सुट्टीत करून पाहतोय. त्याचा हा वृत्तांत. ज्यांना मासेमारी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो त्यांनी निदान मधला फ्लुइड मेकॅनिक्सचा भाग वाचावा, वायवाला उपयोगी पडेल.

आधी किडा. मेफ्लाय नावाचा एक नाजूक कीटक असतो. पंख उभे धरून बसतो, शेपटीला दोन किंवा तीन लांब केस. नदीकाठच्या दिव्यावर पावसाळ्याच्या आगेमागे कधीकधी यांचा खच पडतो. उडणाऱ्या मेफ्लायला काम करणारं तोंडच नसतं. काही तास, फार तर एक-दोन दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. पण त्याआधीचं त्याचं आयुष्य, म्हणजे काही आठवडे ते काही महिने, पाण्याखाली जातं. पाण्याखालचं हे पिल्लू म्हणजे निम्फ. चतुर आणि टाचणी यांची पिल्लंही पाण्यातच वाढतात आणि त्यांनाही निम्फच म्हणतात. कॅडिस नावाचा आणखी एक कीटक आहे, त्याची अळी वाळूचे कण आणि काडीकचरा चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते. (सिव्हिलवाल्यांनी एकदा बघावंच. कुठलाही मिक्स डिझाइन न करता केलेलं काम आहे.) जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा अळीला ‘डिंभ’ म्हणतात. आमच्या गावाच्या वरच्या धरणाचं नाव डिंभे. दोन्हींचा काही संबंध नाही, पण मला तो योगायोग आवडतो.

आता हिशेब करा. किडा पंख लावून पृष्ठभागावर असतो तो दोन दिवस, आणि तळाला असतो दोन महिने. मग मासा बहुतेक वेळा जेवत कुठं असणार? खालीच. इतकी साधी गोष्ट, पण इंग्लंडात तिच्यावरून भांडणं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सभ्य गृहस्थांनी ठरवून टाकलं होतं की ट्राउट पकडायचा तर पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीनेच. बाकी सगळं हलकं काम. फ्रेडरिक हॅलफर्ड हे त्या पंथाचे आचार्य. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली पुस्तक लिहून सांगितलं की मासा पाण्याखाली खात असेल तर आमिषही पाण्याखालीच दिलं पाहिजे. हा वाद इतका चिघळला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर चर्चा ठेवावी लागली. पुढं फ्रँक सॉयर या नदीच्या राखणदाराने १९५८ मध्ये ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक लिहिलं आणि वादाची हवा निघाली. सॉयर क्लबातला नव्हे, रोज एव्हन नदीत उभं राहून काम करणारा माणूस. मला वाटतं फरक तिथंच पडला.

मी ही विद्या पहिल्यांदा पाहिली ती हिमाचलात, तीर्थन नदीवर. मे महिन्यात ट्रेकला गेलो होतो. तिथल्या एका गाइडने मत्स्य विभागाचा एक दिवसाचा परवाना काढून दिला आणि हातात छडी दिली. दिवसभरात दोन ट्राउट लागले, दोन्ही परत सोडले. परतीच्या प्रवासात डोक्यात एकच किडा (पुन्हा किडाच!), की हे आपल्या घोडेत का नाही?

नवीन वाचकांसाठी भूगोल. मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की साधारण १५ किलोमीटरवर घोडेगाव, आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव आता नकाशात शोधू नका, ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १९३० साली मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवे झालेले बाबू गेनू आपल्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. घोड नदी पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरून निघते, डिंभ्याला अडते आणि उरलेलं पाणी घेऊन आमच्या गावाशेजारून पूर्वेला जाते. पुढं मीना आणि कुकडी तिला मिळतात आणि शेवटी ती भीमेत जाते.

आता सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. मेसमध्ये मी हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, “मग डिंभ्यात ट्राउटच सोडू की!” इंजिनिअरला शोभेल असंच उत्तर द्यायचं तर, ऑक्सिजन पुरणार नाही. पाणी जितकं गार तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. ट्राउटला १० ते १८ अंश मानवतं, २० च्या पुढं तो कासावीस होतो आणि २५ च्या आसपास फार वेळ राहिला तर मरतो. घोडेच्या उथळ पाण्यात एप्रिलमध्ये पाय घालून बघा, आपोआप कळेल. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथं ट्राउट आहे तो इंग्रजांच्या काळात मुद्दाम आणून सोडलेला, आणि जिथं गारवा होता तिथंच तो टिकला.

पण समजा पाणी गार असतं, तरी सोडावा का? माझं मत, नाही. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून आपल्या दख्खनच्या महासीरची पिल्लं तयार होऊ लागली. काम चांगलं होतं, आपल्या भागातला मासा वाचवण्याचं. पण त्यातली पिल्लं दूर कावेरीत सोडली गेली. तिथं ती माजली आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महासीर मागं पडला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्या कुबडवाल्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. म्हणजे एका नदीचा चांगला मासाही दुसऱ्या नदीला जड जाऊ शकतो. आपल्याकडं चिलापीचं उदाहरण रोज समोर आहे. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला, आज कुठल्याही तलावात गळ टाका, आधी चिलापीच येते.

तेव्हा ट्राउट नको, ट्राउटची पद्धत घेऊ. घोडेत आहे कोण? कोळशी, मळ्या, झोऱ्या, खडशी, शिंगटा, मरळ, वाम, वर चिलापी आणि जलाशयात सोडलेले कटला-रोहू. यातली काही नावं जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत, हे मला माहीतच नव्हतं. कर्नल साइक्स नावाचा अधिकारी मुंबई इलाख्यात पाहणीच्या कामावर होता. त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि शास्त्रीय नावं देताना आपल्या लोकांनी सांगितलेली मराठी नावंच लॅटिनच्या पंक्तीला बसवली. त्यामुळे मळ्या झाला ‘मुल्या’, कोळशी झाली ‘कोलुस’, शिंगटा झाला ‘सींगटी’, आणि दख्खनचा महासीर, म्हणजे आमची खडशी, झाला ‘खुद्री’. पुण्याजवळच्या कोळ्या-भोयांचे शब्द दोनशे वर्षं लॅटिनमध्ये मुक्कामाला आहेत!

यातले सगळे काही किडे खात नाहीत. मळ्या हा शेवाळ खरवडणारा. तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटतो आणि दिवसभर घासतो. त्याच्यापुढं निम्फ धरणं म्हणजे माळकऱ्यापुढं मटणाचा रस्सा ठेवणं. मरळ मोठी शिकार शोधते, बेडूक, लहान मासे. निम्फला खरा गिऱ्हाईक म्हणजे धारेत राहणारा झोऱ्या आणि खडशीची पिल्लं. चिलापीला काहीही चालतं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

नदीच्या उभ्या छेदात पाण्याचा वेग सगळीकडं सारखा नसतो हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. तळाशी घर्षणामुळे वेग जवळजवळ शून्य, वर जाईल तसा वाढत जातो आणि पृष्ठभागाच्या जवळ सर्वांत जास्त. म्हणून तर नदीचा सरासरी वेग मोजायचा असेल तर करंट मीटर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली धरतात. हाच आलेख माशाच्या नजरेतून बघा. मासा तळाशी, दगडाच्या आडोशाला संथ पाण्यात उभा आहे. तिथं सुटलेला खरा किडा तळाच्या वेगानं, म्हणजे हळू, त्याच्याकडं येतो. तुमचा गळ तळाला आहे पण दोरी पृष्ठभागावर पडली आहे. वरचं पाणी दोरीला पुढं ओढतं, दोरी गळाला ओढते, आणि तुमचा किडा तळाच्या पाण्यापेक्षा दुप्पट वेगानं पळत सुटतो. माशाने जन्मात असा किडा पाहिलेला नसतो. तो बघतो आणि बघतच राहतो. याला इंग्रजीत ‘ड्रॅग’ म्हणतात आणि निम्फिंगचं नव्वद टक्के शिक्षण म्हणजे हा ड्रॅग घालवणं. मी सांगितलेले नव्वद टक्के मोजलेले नाहीत, पण नदीत उभं राहिल्यावर पटतील.

ड्रॅग घालवायचा कसा? सरळ उपाय: दोरी पाण्यावर पडूच द्यायची नाही. काठीचं टोक वर धरायचं, दोरी टोकापासून जवळजवळ सरळ खाली पाण्यात शिरली पाहिजे, आणि टोक प्रवाहाच्या दिशेनं तळाच्या वेगानं, घाई न करता, न्यायचं. १९८० च्या दशकात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या खेळाडूंनी जागतिक स्पर्धांत याच आखूड दोरीच्या पद्धतीने दबदबा निर्माण केला. आजही तिला चेक निम्फिंग म्हणतात.

दुसरी बाब दोरीची जाडी. पाण्याचा दोरीवरचा जोर तिच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. बाजारात सर्रास मिळणारा तंगूस ०.३० मिलिमीटरचा, ०.१५ चा घेतला तर ओढ निम्म्यावर येते. तुटण्याची भीती अर्थातच वाढते, पण झोऱ्या काही तुमचा तंगूस तोडणार नाही.

तिसरी बाब वजन. गळ पटकन तळाला गेला पाहिजे. इथं घनता आठवा: पितळ साधारण ८.५, शिसं ११.३, टंगस्टन १९.३. यातून पाण्याचा १ वजा करा, कारण आर्किमिडीज कुणालाच सोडत नाही. म्हणजे एकाच आकाराचा मणी घेतला तर पाण्यात टंगस्टन हा पितळेच्या जवळजवळ अडीचपट जड. शिसं स्वस्त आहे, पण विषारी. पाणपक्षी ते गिळतात आणि मरतात. हंस मरू लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टंगस्टनचे मणी ऑनलाइन मिळतात पण हॉस्टेलच्या बजेटला परवडत नाहीत. मी पितळी मणी वापरतो, दोन सलग.

आणि आता बांबू. हिमाचलातली छडी, तिचं चक्र, तिची खास जाड दोरी हे सगळं जमवायचं तर सेमिस्टरची फी जाईल. पण घोडेगावच्या नदीवर एक मामा येतात, ठाकर समाजातले, वय साठीच्या पुढं. त्यांच्याकडं बारा फुटी बांबू, टोकाला तेवढाच लांब तंगूस, त्याला गळ आणि गळाला काडू. (काडू म्हणजे गांडूळ, आपल्या इथल्या शहरी बांधवांसाठी.) चक्र नाही, काही नाही. मी त्यांना सहज विचारलं, “मामा, तुम्ही तरंगणारं काही बांधत नाही?” तर म्हणाले, “मासा खाली खातोय अन् वर कशाला बांधायचं? तंगूस थांबला का उचलायचं.” हॅलफर्ड विरुद्ध स्क्यूज हा सगळा वाद एका वाक्यात मिटला. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर याच धर्तीची, चक्र नसलेली लांब काठी वापरतात, तिला तेनकारा म्हणतात आणि ती आता जगभर महागड्या कार्बन फायबरमध्ये विकली जाते. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त स्वतःच्या बांबूकडं एकदा बघितलं.

तर काठी बांबूची, तंगूस बारीक, आणि काडूच्या जागी निम्फ. निम्फ बांधायला मी सॉयरची युक्ती वापरतो. त्याने दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, म्हणजे बांधणीही होते आणि वजनही मिळतं. तार आपल्याकडं कुठंही मिळते. मी जळालेल्या पंख्याच्या मोटरचं वाइंडिंग उकललं, एका पंख्यात चार पिढ्यांचे निम्फ होतील. सॉयर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू वापरायचा, मी कोंबडीच्या दुकानातून गावठी कोंबड्याची तपकिरी पिसं आणतो. छोटा गळ, १४ किंवा १६ नंबरचा, घ्यायचा. मणी ओवायचा. तीन-चार तंतू शेपटीसारखे मागं सोडायचे, उरलेले तारेबरोबर पिळून अंगाला गुंडाळायचे, पुढं मण्यामागं थोडा फुगवटा द्यायचा. झालं. हुबेहूब दिसण्याच्या फंदात पडू नका. वाहत्या पाण्यात माशाला निरखायला वेळ नसतो. लांबी, रंग आणि चाल जमली की पुरे. चालीचं वर झालंच. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि स्वतःच्या कानात अडकला तरी सरळ निघतो.

उभं कुठं राहायचं? डोहात नाही. खळाळ जिथं संपतो आणि डोह सुरू होतो, तिथं वेगाच्या धारेची आणि संथ पाण्याची एक शिवण दिसते. कधी फेसाची रेघ असते. मासा त्या शिवणीच्या संथ बाजूला उभा राहतो, म्हणजे ताकद कमी लागते आणि ताट शेजारून वाहत जातं. मेसच्या काउंटरजवळचं टेबल धरणारे सीनियर आठवा. निम्फ शिवणीच्या जरा वर टाकायचा, म्हणजे शिवणीपाशी येईपर्यंत तो तळाला पोचतो.

माशाला आपण दिसतो का? स्नेलचा नियम. पाण्यातून वर बघणाऱ्या डोळ्याला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत आवळलेलं दिसतं; त्याबाहेर त्याला पाण्याचा तळच आरशासारखा दिसतो. आपण जितके बुटके, तितके त्या खिडकीच्या काठाशी चेपलेले दिसतो. म्हणून वाकून, शक्यतो माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूनं जायचं. मासा तोंड प्रवाहाकडं करून असतो.

शेवटची गोष्ट शिकवता येत नाही: झटका कळणं. काडू मासा गिळतो, खेचतो, बांबू वाकतो. तारेचा निम्फ मात्र तो तोंडात घेतो आणि क्षणार्धात थुंकतो. हाताला काहीच लागत नाही. मी तंगुसावर पाण्याच्या वीतभर वर भगव्या लोकरीची गाठ मारतो आणि तिच्याकडं बघत राहतो. ती गाठ चालता चालता किंचित थबकली की मनगट उचलायचं. दहा वेळांपैकी सात वेळा दगड असतो. दिवेलागणीच्या वेळी जा. अंधार पडू लागला की दगडाखालचे किडे बाहेर निघतात आणि प्रवाहात वाहू लागतात, त्यामुळे मासेही तयारीत असतात. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी मला सात झोऱ्या, तीन चिलाप्या आणि वीतभर खडशी लागली. चिलाप्या घरी गेल्या, बाकी ओल्या हातानं परत नदीत. कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला रोग लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. निम्फ बांधायचा तर आधी खरा किडा बघावा लागतो, म्हणून दगड उलटायची सवय लागली. गावाच्या वरच्या अंगाला, खळाळातला दगड उचलला की चपटे, रुंद डोक्याचे, दगडाला कागदासारखे चिकटून सरकणारे मेफ्लायचे निम्फ दिसतात. एका दगडावर कधी पाच-सहा, शिवाय कॅडिसच्या वाळूच्या नळ्या. तिथून खाली चालत या. सांडपाण्याचा एक ओहळ नदीला मिळतो. त्याच्या खालचा दगड उचला. चपटा निम्फ एकही नाही. गुळगुळीत काळा चिखल आणि त्यात लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या. त्या लाल असतात कारण त्यांच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं; ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या चिखलातही त्या तग धरतात.

पर्यावरणाच्या लॅबमध्ये आपण बीओडी काढतो, २७ अंशाला ३ दिवस बाटली ठेवून. तो आकडा बाटली भरली त्या क्षणाचा असतो. दगडाखालचा किडा मात्र तिथं गेले दोन-तीन महिने राहतोय. मधल्या काळात एका रात्री जरी घाण आली असेल तरी तो नसण्यानं साक्ष देतो. ब्रिटनमध्ये यावरून गुण देण्याची पद्धत बसवली आहे: चपट्या निम्फच्या कुळाला १०, पोहणाऱ्या बारीक मेफ्लायला ४, त्या लाल अळ्यांच्या कुळाला २ आणि गांडुळासारख्या कृमींना १. ती यादी तिथल्या नद्यांची आहे, जशीच्या तशी आपल्याला लावता येत नाही. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी अशीच पद्धत तयार केली आहे. पण घोडेच्या त्या अर्ध्या किलोमीटरसाठी मला गुणांची बेरीज करायची गरज पडली नाही. वर १० वाले आहेत, खाली २ वाले.

आणि जिथं २ वाले आहेत तिथं झोऱ्या नाही. मी तीन वेगवेगळ्या सुट्ट्यांत तिथं निम्फ टाकला, फक्त चिलापी. मामांना याचं आश्चर्य वाटलं नाही. ते पूर्वी घरामागच्याच धारेला बसायचे, आता गुडघे दुखत असताना वरच्या अंगाला तंगडतोड करतात, कारण मासा तिकडं आहे. माझ्यासाठी हा छंद आहे, त्यांच्या घरी तो संध्याकाळचा रस्सा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात, त्या चढणीच्या माशांवर या भागातली कितीतरी घरं वर्षानुवर्षं जेवत आली. डिंभ्याची भिंत चढणं कुठल्याच माशाला जमत नाही, म्हणजे वरची वाट आधीच बंद. खालून हा ओहळ. मधल्या तुकड्यात जे उरलं आहे ते उरलं आहे. पुढच्या वर्षी मेजर प्रोजेक्टसाठी हा तुकडा घ्यावा, दर महिन्याला ठरलेले वीस दगड उलटून नोंद ठेवावी, असं मी आणि माझ्या रूम पार्टनरने सरांना विचारलं आहे. सर ‘बघू’ म्हणालेत.

ज्यांना यावंसं वाटेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी निवळ असतं, तेव्हाच मजा. पावसात गढूळ पाण्यात निम्फ कुणाला दिसणार? धरणाचं आवर्तन सुटणार आहे का हे गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. आकाश कोरडं असतानाही पाणी वाढतं, आणि मधल्या दगडावर उभं राहिलेल्याला ते शेवटी कळतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं अशाच पाण्यात जातात. गुडघ्याच्या वर पाणी नको, एकट्यानं नको, आणि पार्टी करून तर नकोच नको. जलाशयात मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा हक्क असतो, तिथं विचारल्याशिवाय गळ टाकू नये. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर काठी घेऊन जाऊच नका. दगड उलटला की किडे बघून झाल्यावर तसाच परत ठेवा, ते कुणाचं तरी घर आहे.

मामांना मी दिवाळीत चार निम्फ बांधून दिले होते. एक झाडाच्या मुळात गेला, एक नातवाने शर्टाला लावला. उरलेल्या दोनांवर त्यांनी झोऱ्या काढले आणि निरोप पाठवला की काडूपेक्षा बरं आहे, उकरायला लागत नाही, पण खालच्या धारेला हलकं पडतंय, पुढच्या वेळी तिसरा मणी घाल.